फिलिपाइन्सच्या चालीनं पाणी भरताना

माझं लग्न फिलिपाइन्सच्या चालीनं झालं, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग आमच्या मंडळींकडे. मंडळी शांतपणे मान हलवतात. "हो, खरं आहे," म्हणतात, "फक्त यांनी तो देश अजून पाहिलेला नाही." तो देश राहू द्या, मी तोवर समुद्रही पाहिला नव्हता. ग्वाल्हेरात जन्मलेल्या माणसाला पाणी माहीत असतं ते धरणातलं नाही तर विहिरीतलं, आणि माझी सगळी फजिती विहिरीवरच झाली.

ते दिवस राज्यं मोडण्याचे आणि जोडण्याचे होते. आधी आमचं संस्थान गेलं आणि मध्य भारत आला. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची, म्हणजे सरकार आमच्याकडे थंडी खायला यायचं. त्याचीही सवय होत आली होती, तेवढ्यात मध्य भारतही मोडायचं ठरलं आणि नव्या, मोठ्या राज्याची राजधानी भोपाळला जाणार असं नक्की झालं. आमच्या लष्कर भागात, इंदरगंजच्या चौकात, दोन मराठी माणसं भेटली की पूर्वी एकमेकांना "काय, जेवण झालं?" असं विचारायची. आता विचारू लागली, "तुमचं कुठं?" ज्याचं ग्वाल्हेर नक्की झालं तो छाती काढून चालायचा, ज्याचं भोपाळ नक्की झालं त्याच्याकडे लोक गावाला निघालेल्या पाहुण्यासारखं बघायचे.

मी सचिवालयात कारकून होतो. माझं काहीच नक्की नव्हतं, ना गाव, ना लग्न. आणि गंमत अशी की दोन्ही एकमेकांत अडकलेली होती.

मुलगी आईनं हळदीकुंकवात पाहून ठेवली होती. मुलींच्या शाळेत शिकवायची. मी तिला फूलबागेत मैत्रिणींबरोबर जाताना एकदा पाहिलं आणि त्या दिवशी सायकल कारंज्याच्या कठड्यावर घातली, त्यामुळे तिनंही मला पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. तिला आई नव्हती. घरात ती आणि वडील. वडील म्हणजे जुन्या दरबारातलं प्रस्थ. दसऱ्याच्या दरबारात कोण कुठे बसणार, कुणी कुणाच्या आधी मुजरा करायचा, कुणाला विडा हातात आणि कुणाला तबकात, हे ठरवणाऱ्या खात्यात त्यांची हयात गेली होती. संस्थान विलीन झालं आणि ते खातंच हवेत विरलं. आता ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि मंडळाच्या सतरंजीवर कुणी कुठे बसायचं ते ठरवत.

आमच्या घराण्याचं म्हणाल तर पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर आले खरे, पण तलवार घेऊन नव्हे, पंचांग घेऊन. तेव्हा आमच्याकडून बोलणी करायला काका गेले. सगळं जमत आलं, पत्रिका जुळली, चहा झाला, आणि मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवून सांगितलं, "एक आहे. भोपाळात मुलगी देणार नाही."

काका म्हणाले, "का बरं?"

"तिथलं पाणी जड आहे."

"तळ्याचं पाणी, जड कसं असेल?"

"मग हलकं असेल. मुलगी देणार नाही. भरल्या बैठकीत सांगतो आहे, म्हणजे हा शब्द झाला."

काकांनी तिथल्या तिथे ठोकून दिलं की मुलाला साहेबांनी ग्वाल्हेरचं वचन दिलेलं आहे. साहेबांना माझं नाव तरी माहीत होतं का, याची मला शंका होती. घरी येऊन काका म्हणाले, "बघ रे बाबा, आता राहून दाखव इथं. नाहीतर ती मुलगी गेली."

अशा वेळी शहाण्या माणसानं तोंड बंद ठेवून कामाला लागावं. मी व्याख्यान द्यायचं ठरवलं.

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी व्याख्यानं व्हायची. त्या वर्षी आशियातल्या बंधुभावाचं वारं होतं, म्हणून सचिवांनी 'पूर्वेच्या देशांचं लोकवाङ्मय' असा विषय काढला आणि देश वाटायला घेतले. ब्रह्मदेश एका वकिलांनी घेतला, जावा एका मास्तरांनी. फिलिपाइन्स शिल्लक राहिलं. मी टोपी बाजारातल्या रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी पुस्तक उचललं होतं, त्या बेटांवरच्या जुन्या, तोंडी चालत आलेल्या गोष्टींचं. त्याचं कव्हर नव्हतं, आणि कव्हराबरोबर लिहिणाऱ्याचं नावही गेलं होतं. मी हात वर केला. सचिव म्हणाले, "तुमचा अभ्यास आहे?" मी म्हणालो, "थोडाफार." पुस्तक तेव्हा माझ्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली होतं.

पण वाचायला घेतलं आणि मी खरंच अडकलो. वाटलं होतं काहीतरी अजब निघेल. निघालं ते ओळखीचं. परके लोक जहाजं घेऊन येण्याआधीच्या गोष्टी, बेटागणिक वेगळ्या, पण फिरून फिरून त्याच गोष्टींना हात घालणाऱ्या: जग कसं झालं, माणूस कुठून आला, झाडात आणि वारुळात कोण राहतं, मेलेले पूर्वज कुठे जातात, आणि मुलगी मिळवायला काय काय करावं लागतं. शेवटच्या विषयात मला अंमळ जास्त रस वाटला.

व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. अध्यक्षस्थानी मुलीचे वडील, पगडी घालून. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून ती. सचिवांनी माझी ओळख "फिलिपाइन्सचे गाढे अभ्यासक" अशी करून दिली. मी उभा राहिलो तर पहिल्याच रांगेतून एक आजोबा म्हणाले, "आधी हे आलं कुठं ते सांगा."

नकाशा आणायचा राहिला होता. मी ठामपणे हात लांब केला, शहराच्या पूर्वेच्या वस्तीकडे. "मुरारच्या दिशेला."

"मुरारला?"

"मुरारच्या पलीकडे. बरंच पलीकडे."

तिथून मात्र गाडी सुटली. मी बांबूची गोष्ट सांगितली: एक पक्षी समुद्रावर उडून दमला, एका बांबूवर बसला, चोच मारली, आणि बांबू चिरून त्यातून पहिला पुरुष आणि पहिली बाई एकदमच बाहेर आले. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "एकदमच?" मी म्हणालो, "एकदमच. आधी तो आणि मग त्याच्या बरगडीतून ती, असलं काही नाही." तिकडे बऱ्यापैकी समाधान पसरलं.

मग आभाळाची गोष्ट. आधी आभाळ खूप खाली होतं, हात लावावा इतकं. एक बाई भात कांडत होती. गळ्यातली माळ आणि केसातली फणी अडचण करतात म्हणून तिनं ती आभाळाला अडकवली, आणि मग मुसळ असं जोरात उचललं की ते आभाळाला लागलं. पुन्हा लागलं. आभाळ वैतागून वर वर गेलं ते गेलंच, फणीचा चंद्र झाला आणि माळेच्या चांदण्या. "म्हणजे बाईचे दागिने घेऊन पळून गेलं की!" एक काकू म्हणाल्या, "आमचा दीर असाच गेला." हॉल हसायला लागला आणि मला चढायला लागली.

मी वीरांच्या गाण्यांबद्दल बोललो. पिकाच्या कापणीच्या वेळी बायका ती गातात, एकीनं ओळ धरायची, बाकीच्यांनी उचलायची, अगदी आपल्या जात्यावरच्या ओवीसारखं. गाण्यातला वीर लढतो, मरतो, आणि त्याची बायको किंवा बहीण त्याला परत उठवते. मी झाडांच्या आणि वारुळांच्या मालकांबद्दल बोललो. तिकडे माणूस वारुळाजवळून जाताना "मालक, जरा वाट द्या" म्हणतो, कारण ते घर दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मी म्हणालो की तिकडे मुलं-मुली एकमेकांना कोडी घालतात, म्हणजे उघड बोलायला नको आणि गप्पही बसायला नको. मी माकड आणि कासवाची गोष्टही सांगितली: दोघांनी वाहून आलेलं केळीचं झाड वाटून घेतलं. माकडानं हिरवागार शेंडा घेतला आणि कासवाच्या वाट्याला मुळाचा बुंधा आला.

मागून कुणीतरी ओरडलं, "शेंडा भोपाळला गेला!"

"अहो, शेंडा इंदूरला, बुंधा भोपाळला!"

"आणि आपल्याला?"

"केळीचं पान, जेवून उठल्यावरचं!"

अध्यक्षांनी टेबलावर काठी आपटली. सभा शांत झाली. इथं मी बसायला हवं होतं. पण खांबाकडे पाहिलं, ती हसत होती, आणि माझ्या जिभेवरचा ताबा गेला.

"आणि सगळ्यात सुंदर चाल," मी म्हणालो, "ती लग्नाची. तिकडे मुलगा मुलीला मागणी घालायला येतो तो रिकाम्या हातानं नाही आणि हात पसरूनही नाही. तो तिच्या बापाच्या घरी राबतो. पाणी भरतो, लाकडं फोडतो, पडेल ते काम करतो. गोष्टींतले बाप तर अशी कामं सांगतात की वीरांची दमछाक होते. सभ्य स्त्री-पुरुषहो, आपल्याकडे ही चाल असती, तर मी आज पहिली बादली उचलली असती!"

टाळ्या पडल्या. मी घाम पुसत बसलो. काका तिसऱ्या रांगेत डोकं धरून बसले होते, ते मला टाळ्यांच्या नादात दिसलं नाही.

अध्यक्षीय समारोपाला ते उठले. त्यांनी पगडी सारखी केली आणि माझ्याकडे वळले. "वक्त्यांना एक विचारतो. या लोकांत हे सगळं तोंडी. लिहून ठेवत नाहीत?"

"नाही. गोष्टी तरी नाही."

"मग दिलेला शब्द फिरवतात कसा?"

"फिरवत नाहीत," मी ऐटीत म्हणालो. "लिहिलेलं नसतं म्हणूनच."

"वा. आपल्या दरबारात हीच रीत होती. भरल्या सभेत जो शब्द निघाला तो हुकूम. वक्त्यांनी आता सभेसमोर बादली उचलण्याचा शब्द दिलेला आहे. सभा साक्षी आहे." मग ते खाली बसता बसता म्हणाले, "उद्या सकाळी या. विहिरीचा रहाट जरा कुरकुरतो, तेवढं सांभाळून घ्या."

पुन्हा टाळ्या पडल्या. यावेळी जास्त.

घरी आईनं मला दारातच गाठलं. "घरजावई होणार का रे मेल्या? लष्करभर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"आई, ती चाल आहे."

"कुणाची चाल?"

"फिलिपाइन्सची."

"आपलं त्यांच्यात कुणी दिलंय?"

काका म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या त्याला. म्हातारा नाही म्हणालेला नाही. काम सांगतो आहे म्हणजे दार उघडं आहे." काकांचं राजकारण नेहमी असं असायचं, पराभवात फट शोधणारं.

सकाळी मी गेलो. घरात नळ होता, ही पहिली गोष्ट लक्षात आली. मी तसं बोलून दाखवलं. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "नळ नगरपालिकेचा. चाल विहिरीची." मी पोहरा सोडला. दोर कठड्याला बांधलेला असतो अशी माझी समजूत होती. तो नव्हता. पोहरा गेला, दोर गेला, आणि खालून बराच वेळ आवाज येत राहिला. शेजारच्या गच्चीवरून एक बाई म्हणाल्या, "लो जी, जँवाई बाबू ने पहले ही दिन बाल्टी डुबो दी!" दुपारपर्यंत ही बातमी इंदरगंजला माझ्या आधी पोचली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा मित्र उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आइए, भगीरथ महाराज!"

पुढचा सगळा काळ मी रोज ऑफिसच्या आधी त्यांच्याकडे हजेरी लावत होतो. लाकडं फोडताना मी एक चांगला गोल ओंडका फोडून टाकला, आणि मग कळलं की तो ओंडका नव्हता, ते बसायचं आसन होतं आणि तिचे वडील त्यावर बसून संध्या करायचे. अंगणातल्या कडुलिंबाची आडवी फांदी तोडायला चढलो तर खालून आवाज आला, "मालकांना विचारलंत?"

"कुठले मालक?"

"झाडातले. आपणच सांगितलंत."

मी खाली उतरलो, झाडापुढे हात जोडले आणि म्हणालो, "मालक, जरा वाट द्या." शेजारच्या बाईंनी हेही गच्चीवरून पाहिलं. त्या दिवसापासून त्या मला थोड्या घाबरून असत.

आणि कोडी. त्याचं श्रेयही माझ्या व्याख्यानालाच. बाकी कुठल्याही चालीनं ती माझ्याशी बोलू शकली नसती, पण कोडी घालणं हे फिलिपाइन्सच्या चालीत बसत होतं, आणि चाल एकदा मान्य केली की तिचा एक भाग घ्यायचा आणि एक टाकायचा, हे तिच्या वडिलांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहायची. ते आत, पडद्यामागे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "पोट रिकामं असलं की खाली धावतो, भरलं की कण्हत वर येतो. कोण?"

मी दोर ओढत म्हणालो, "पोहरा."

"पोहरा कण्हत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कण्हता."

मीही घातलं एक, पोहरा बाजूला ठेवून. "रोज सकाळी दिसते, मनातलं सगळं जाणते, पण कधी हो म्हणत नाही. कोण?"

पडद्याआडून उत्तर आलं, "देवघरातली अन्नपूर्णा. सोपं आहे. पाणी भरा."

असं चाललं होतं. माझी बहुतेक कोडी पडद्याआडूनच सुटायची, आणि खरं सांगायचं तर त्या घरात माझ्याशी सर्वांत जास्त गप्पा मारल्या त्या पडद्यानं. एक दिवस त्यांनी मला पेटीतून दरबारी पोशाख काढून उन्हात घालायला लावला. त्यातल्या प्रत्येक घडीबरोबर एक हकिगत निघाली. कुणाला कुठे बसवल्यावरून कुणी अन्न सोडलं, ते सांगताना ते उभे राहून दोन्ही बाजूंची सोंगं करत. गुंड्या लावता लावता मी हसत होतो. त्यांनाही हे ऐकायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळत होतं की कामं संपत नव्हती.

पाणी झालं तर लाकडं, लाकडं झाली तर माळा, माळा झाला तर दिवाळीची सफेदी. पुस्तकातल्या बापांचंही असंच होतं, एक काम झालं की दुसरं. मी तिला हळूच म्हणालो, "तुमचे वडील गोष्टीतल्या सासऱ्यांना मागे टाकताहेत." तिनं पुस्तक मागून घेतलं आणि घरी वाचायला ठेवून घेतलं. माझ्यापेक्षा तिनंच ते नीट वाचलं असणार, कारण परत दिलं तेव्हा त्याला तिनं जाड कागदाचं कव्हर घातलेलं होतं.

आणि मग हुकूम आला. माझं भोपाळ.

मी सांगायला गेलो. ती उंबऱ्यापर्यंतच आली. ते मात्र लगेच बाहेर आले. एवढे दिवस पडदा मध्ये होता, आता तोही नव्हता. "शेवटचं काम," ते म्हणाले. "बदली रद्द करून आणा. मग तिथीचं बोलू."

गोष्टीतल्या वीरांना समुद्रापलीकडून काहीबाही आणायला सांगत. मला समुद्र परवडला असता. मी बसलो आणि अर्ज लिहिला. व्याख्यानाच्या टाळ्या अजून कानात होत्या, त्यामुळे अर्जात ग्वाल्हेरच्या मातीशी असलेलं नातं आलं, पितरांचं ऋण आलं, आणि एक कल्पवृक्षही आला. साहेबांनी तो पूर्ण वाचला. चष्मा काढला.

"यह आपने खुद लिखा है?"

"जी."

"भई, क्या भाषा है! भोपाल में नया सचिवालय बन रहा है, ड्राफ्ट लिखने वाला कोई नहीं मिल रहा था। आप तो वहाँ ज़रूर जाइए।" आणि त्यांनी माझ्या अर्जावर माझी शिफारस करून तो भोपाळलाच पाठवून दिला. आधी कुणीही चाललं असतं. आता मीच हवा होतो.

मी गेलो तेव्हा ऊन अंगणात होतं. ते आतल्या खोलीत, पडदा ओढलेला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "झालं नाही." कल्पवृक्षाचं सांगितलं नाही. मला वाटलं संपलं. पोहरा घ्यावा की नमस्कार करून निघावं, ते समजेना. अशा प्रसंगी काय करायचं हे पुस्तकात असेलही, पण पुस्तकाची शेवटची पानं रद्दीवाल्याकडेच राहिली होती.

तेव्हा ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून बोलली, पण आवाज पडद्यापर्यंत जाईल एवढा होता.

"एक कोडं आहे. घरात दोघं राहतात. एक गेलं तर घर मोठं होतं, आणि राहणारा लहान. सांगा, कोण?"

मी म्हणालो, "दिवा आणि वात?"

"नाही."

"रहाट आणि..."

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही घातलं."

पडदा हलला नाही. एरवी उत्तर कोडं संपायच्या आत यायचं. त्या दिवशी विहिरीवरच्या कबुतरांचा आवाज ऐकू येत राहिला आणि बाकी काही नाही. मला तेव्हा कुठे उजेड पडला की जड पाणी, माळा, सफेदी, ती पेटी उन्हात घालणं, हे सगळं काय होतं. मुलगी कुठे द्यायची हा प्रश्नच नव्हता. ती गेल्यावर त्या घरात काय उरणार, हा होता. आणि हे त्यांना ना बैठकीत सांगता येत होतं ना दरबारी भाषेत, कारण त्या भाषेत स्वतःला एकटं वाटण्याला शब्द नव्हता.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. पगडी घातलेली होती. घरात, तेही अंगणात यायला, पगडी.

"कार्यमुक्त झालात?"

"अजून नाही. काम सोपवायचं आहे. पुढच्या महिन्यात होईन."

"म्हणजे आज आपण सरकारदरबारी ग्वाल्हेरचेच."

"हो. कागदावर."

"मी शब्द दिला होता की भोपाळात मुलगी देणार नाही. शब्द फिरत नाही." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तेव्हा तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताला, आपण कार्यमुक्त होण्याच्या आत, मी ग्वाल्हेरच्या मुलाला मुलगी देतो. लग्न झाल्यावर नवरा कुठे जातो, ते बघणं आमच्या खात्याकडे नव्हतं."

ती आत गेली. आत गेल्यावर तिनं काय केलं ते मला तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते म्हणाले, "थांबा. आधी पाणी. आजचं राहिलंय."

लग्न झालं. काका सगळ्यांना सांगत फिरले की हे असंच होणार हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मंडळाच्या सचिवांनी मंगलाष्टकांच्या नंतर चार शब्द बोलण्याचा आग्रह केला, आणि मी उठायच्या आत आईनं माझा शेला धरून मला खाली बसवलं.

भोपाळला आम्ही गेलो ते सरकारी क्वार्टरच्या एका रांगेत. आमच्याच ऑफिसातली सगळी मंडळी. डावीकडे लष्करचे, उजवीकडे मुरारचे, समोर ग्वाल्हेर किल्ल्याखालचे. संध्याकाळी सगळ्यांच्या अंगणात एकाच तऱ्हेची, निम्मी हिंदी असलेली मराठी चालायची, "अरे, मला तर माहीतच नाही पडलं!" छापाची. सासऱ्यांनी स्टेशनवर आम्हाला निरोप देतानाच बजावलं होतं की भोपाळात ते पाय ठेवणार नाहीत. हाही भरल्या फलाटावर दिलेला शब्द होता. ती दर आठवड्याला पत्रात एक कोडं घालायची, आणि उत्तर उलट टपाली यायचं.

संक्रांतीच्या सुमाराला दारात टांगा थांबला. ते उतरले, पगडी, काठी, आणि तिळगुळाचा डबा. मी धावत गेलो. म्हणालो, "आपण भोपाळला आलात!"

त्यांनी रांगेकडे पाहिलं. लष्करचे, मुरारचे, किल्ल्याखालचे, सगळे आपापल्या अंगणातून वाकून नमस्कार करत होते. त्यांनी एकेकाकडे नीट बघून घेतलं, कोण कुणाच्या शेजारी आहे ते, आणि कपाळाला आठी घातली.

"हे भोपाळ कुठलं," ते म्हणाले. "ही तर आपली वस्ती. फक्त बसवली चुकीची आहे. या मुरारवाल्यांना कुणी पुढं घेतलं?"

आणि डबा माझ्या हातात देऊन ते पहिल्या अंगणाकडे निघाले, सगळ्यांना नीट बसवायला. आठ दिवसांसाठी आले होते. होळी झाली तरी वस्ती त्यांच्या मनासारखी लागली नव्हती, आणि ती लागावी अशी घाई आमच्या घरात कुणालाच नव्हती.